नटावरची लाल रेघ

"चेनला मारायचा स्प्रे द्या," मी तेलाच्या दुकानात म्हणाले, आणि शेजारी उभा असलेला माणूस चक्क हसला.

"बाहेरची मोटरसायकल तुमची ना? तिला चेनच नाही."

"मग चालते कशी?"

"शाफ्टवर. चेनऐवजी दांडा फिरतो. मागच्या चाकाजवळच्या डबीत जाड गिअर ऑइल घाला, सांध्याच्या दात्यांना ते काळं ग्रीस. साधं लावलंत तर उडून जाईल, दाते झिजतील."

दुकानदाराने मी काही बोलायच्या आत दोन्ही डबे पुढ्यात ठेवले. माझ्या मनात पाल चुकचुकली. हा समोरच्याच गॅरेजचा मेकॅनिक आहे हे कळल्यावर तर खात्रीच पटली... दोघांचं साटंलोटं!

पण गाडी बाबांची होती. ते गेल्यावर तेवढीच माझ्याकडे राहिली होती, आणि ते दाते आता कुठेच मिळत नाहीत. बाबांची आहे, जपून हात लावा, असं बजावून दिली त्याच्या ताब्यात.

जुनं तेल त्याने बोटांवर चोळून उन्हात धरलं. "चुरा नाही, म्हणजे दाते झिजलेले नाहीत. बाबांनी जपलीय." ते ऐकून बरं वाटलं, म्हणून मी जास्तच रागाने बघितलं. डोळे चांगले होते मेल्याचे.

मग त्याची बोलावणी सुरू झाली. "तेल बघून घेऊ." पुन्हा, "बदलूनच टाकू."

"अगं, चांगली गाडी बिघडवतात हे लोक," आई म्हणाली.

मी डबीखालच्या नटावरून डबीपर्यंत लाल नेलपॉलिशची रेघ ओढली. नट फिरला की रेघ तुटणार. गाडी गॅरेजमध्ये सोडली आणि संध्याकाळी आणायला गेले.

"बदललं तेल," तो म्हणाला, माझ्याकडे न बघता.

मी खाली वाकले. रेघ जशीच्या तशी.

"नट न उघडता?"

त्याचे कान लाल झाले. मग म्हणाला, "रेघ सकाळीच दिसली होती."

"मग निदान पुसायची तरी."

"तुम्ही ओढलेली... नाही पुसवली." त्याने हातातलं फडकं उगीच पिळलं. "तेल उत्तम आहे. वर्षभर हात लावायला नको. पण असं सांगितलं, तर वर्षभर तुम्ही येणार नाही."

म्हणजे माझा संशय खराच होता. गुन्हा तेवढा वेगळा निघाला. मला हसू आवरेना, आणि आवडला तो मला, अगदी तिथल्या तिथे.

मी किल्ली उचलली. "रविवारी येईन," मी म्हणाले. "गाडी घरी ठेवून."