साच्याखालचा नमदा

मी लिफ्टच्या देखभालीचं काम करतो. आवाज कुठून कसा चढतो, हे मला कोणी शिकवायला नको. तरी माझ्याच हॉलमधली वीतभर खेळण्यातली रेल्वे चार महिने मला गप्प करता येत नव्हती.

करी रोडला टॉवरच्या बाराव्या मजल्यावर आमचं घर. हॉलमध्ये स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून आठ फुटी प्लायचं टेबल, त्यावर रूळ, पुठ्ठ्याच्या चाळी, गिरणीची चिमणी. इंजिन बिचारं हळू चालतं, पण खालचं प्लाय डफासारखं वाजतं. आणि माझी मुलगी रुचिका यंदा बारावीला, मोठ्यानं वाचल्याशिवाय तिच्या डोक्यात काही शिरत नाही. बायकोनं, सीमानं, शेवटचं सांगून टाकलं होतं. "रविवारपर्यंत गाडीचा आवाज बंद, नाहीतर टेबल भंगारात. पोरीचं वर्ष आहे हे."

त्रास नव्हता तो फक्त माझ्या बाबांना. पस्तीस वर्षं गिरणीच्या साचेखात्यात काढलेली, म्हणजे जिथे कापड विणणारे शेकडो साचे एकदम खडखडतात तिथे. कान तिथेच ठेवून आले. डॉक्टर म्हणाले होते, नस मेली, मशीन लावूनही उपयोग नाही. आजही ते समोरच्याच्या ओठांकडे बघून बोलणं ओळखतात. त्या खात्यात सगळे तसंच बोलायचे.

मी हट्टाला पेटलो. फोनवर आवाज मोजायचं ॲप घेतलं. नुसत्या प्लायवर चौसष्ट डेसिबल. रुळांखाली कॉर्क टाकला, छप्पन्न. मग कळलं की मी शहाणा, रूळ खिळ्यांनी ठोकलेत. खिळा कॉर्क भेदून सगळा आवाज प्लायला पोचवतो. खिळे काढले. रुचिकाची योगा मॅट कापली, दोन दिवस बोलणी खाल्ली, त्रेपन्न. रुळांमधली खडी पांढऱ्या गोंदानं चिकटवली होती, तो वाळून दगड झालेला. सगळी खरवडून काढली. पन्नास. पंखा चालू असलेली रिकामी खोली अडतीस दाखवते. मधले बारा काही केल्या सुटेनात, आणि शनिवार उजाडला.

घोडपदेवला शामराव म्हणून जुन्या गिरणी-सामानाचे व्यापारी आहेत. गेलो, तर ते दुकानात बसून बेंबीच्या देठापासून ओरडत होते. "काय पाहिजे?"

"रबर, फोम, काहीही. आवाज मारणारं."

त्यांनी कोपऱ्यातली गुंडाळी दाखवली. काळपट, दोन बोटं जाड नमदा, लोकर दाबून केलेला. साच्याच्या पायाखाली टाकायचे, जमीन हादरू नये म्हणून. एका कडेला खंडेनवमीचं कुंकू अजून चिकटलेलं.

"घेऊन जा," शामराव ओरडले. "हे आल्यापासून गिऱ्हाईकाचं बोलणं धड ऐकू येत नाय. माझंच वय झालं असंल."

मी हसलो. घरी येईपर्यंत पाय जमिनीवर नव्हते. लोकर, एवढी घनदाट, तीही फुकट. अजून काय पाहिजे माणसाला?

बाबांनी गुंडाळी बघितली आणि खाटेवरून उठून आले. नमद्याला नाक लावलं. "साच्याखालचो," म्हणाले, आणि त्यावर बराच वेळ गाल टेकून उभे राहिले.

रविवारी सकाळी गाडी सोडली. चाळीस. मी टाळीच वाजवली. दुसऱ्या फेरीला अडतीस, म्हणजे गाडी जणू नाहीच. सीमा येऊन बघून गेली. "जमवलंस रे," म्हणाली. चार महिन्यांत पहिल्यांदा प्रेमानं बोलली असेल.

तिसऱ्या फेरीला चौतीस.

खोलीपेक्षा कमी होऊच शकत नाही. ॲप बंद करून पुन्हा लावलं. एकतीस. वर बघितलं तर पंखा फुल स्पीडला, पण घरघर नाही. मला भीती वगैरे काही वाटली नाही, खरं सांगतो. मी खूश होतो. असलं मटेरियल जगात कोणाकडे नाही.

आतून सीमा आली. "कुकरची शिटी बिघडली वाटतं. वाफ जाते, आवाज नाही."

"तीन शिट्यो झाल्यो गो," बाबा खाटेवरून म्हणाले. "गॅस बंद कर."

आमची नजरानजर झाली. खाटेवरून स्वयंपाकघर दिसत नाही. अंदाज बांधला असेल, म्हणालो मी, आणि गाडी पुन्हा सोडली.

रुचिका पुस्तक घेऊन टेबलाशीच बसली. घरात एवढी शांत जागा दुसरी कुठे मिळणार? मी दारात उभा राहून बघत होतो. टेबल वाचलं, पोरीचा अभ्यास वाचला. तिचे ओठ भराभर हलत होते.

मग लक्षात आलं, मला एक शब्द ऐकू येत नव्हता.

टेबलाजवळ आहे म्हणून, मी स्वतःला समजावलं. तास झाला. ती उठली, माझ्यापाशी आली, माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं. सहज, हसत. तोंड हललं, एवढंच.

"काय?" मी म्हणालो. माझा आवाज मला नीट ऐकू आला.

तिनं पुन्हा विचारलं.

खालून मासेवालीची हाक बाराव्या मजल्यापर्यंत येत होती. लिफ्टचा दरवाजा वाजला. हातभर अंतरावर माझी मुलगी बोलत होती आणि तिथे काही नव्हतं.

मी टेबलाकडे धावलो. रूळ उपटले, नमदा ओरबाडून काढला, गॅलरीत फेकला. उघड्या प्लायवर रूळ जोडून गाडी सोडली. खडखडाट झाला. चौसष्ट. पंखा घरघरला. आत पुन्हा लावलेल्या कुकरनं शिटी दिली. सगळं परत आलं.

"बोल," मी म्हणालो. "बाळा, काहीतरी बोल."

ती बोलली. कपाळाला आठ्या घालून, बराच वेळ बोलली. सीमा पदर तोंडाशी धरून तिच्या ओठांकडे बघत होती.

रुचिकाची पाठ खाटेकडे होती. बाबांना तिचे ओठ दिसणं शक्य नव्हतं. ते भिंतीला टेकून, डोळे मिटून बसले होते, आणि तिच्या वाक्यावाक्याला मान डोलावत होते.

मी त्यांच्यासमोर जाऊन बसलो. खांदा हलवला. "बाबा, काय म्हणते ती?"

त्यांनी डोळे उघडले. नातीचा आवाज ते जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. चेहरा असा फुललेला मी कधी बघितला नव्हता.

"ती म्हणता," ते म्हणाले, "पप्पा, गाडी बंद करा. आवाजान अभ्यास होणा नाय."