उजवं वळण

साहेब, वरच्या वस्तीचा रस्ता तुम्ही खाल्लात. खडी, डांबर, मोऱ्या, सगळं गिळलंत आणि ढेकरसुद्धा दिला नाहीत. पायथ्याशी 'काम प्रगतिपथावर आहे' असा फलक तेवढा रोवलात. त्याच्या खांबावर आता वेल चढलाय. ही गोष्ट प्रेमाची आहे, पण घडली तुमच्या पापामुळे. म्हणून आधी तुम्हीच ऐका.

बाजाराच्या टोकाला, त्या फलकासमोरच, टायरचं दुकान आहे. दुकान आत्याचं, हात भाचीचे. भाचीला सगळे टायरवालीच म्हणतात आणि तिला ते आवडतं. त्या दिवशी ती साबणाच्या पाण्यात ट्यूब बुडवून पंक्चरचे बुडबुडे शोधत होती, तेवढ्यात दारात एक पिकअप येऊन थांबली आणि दुकानात अंधार झाला. एवढी ती उंच. तिनं मान वर केली, चाकांकडे पाहिलं आणि तिला हसू फुटलं.

"कुणाला हसलात?" वरून आवाज आला.

"गाडीला. पैलवानानं बाळाचे बूट घातल्यासारखी दिसतेय."

तो उडी मारूनच उतरला. वस्तीचं दूध रोज खाली आणणारा दूधवाला तो. शर्टाला दुधाचा वास, केसांत धूळ, आणि चेहरा असा, की टोमणा मारला तरी याला लागायचा नाही.

"स्प्रिंगांवर ठोकळे घालून उचलून घेतली," तो म्हणाला. "तरी दगड खालून लागतातच."

"लागणारच. ठोकळ्यांनी धूड वर गेलं, पण मागच्या दोन चाकांमधला ॲक्सलचा गोळा होता तिथंच लोंबतोय. तो वर जायचा तर टायरच मोठे हवेत. टायर बसतात त्या लोखंडी डिस्कही रुंद लागतील."

"मग घाला. रविवारी पाहुणे न्यायचेत वर."

"कसले पाहुणे?" गल्ल्यामागून आत्यानं कान टवकारले.

त्यानं कानाची पाळी चोळली. "मुलीकडचे."

"वस्तीवर मुलगी देतंय कोण?"

"म्हणून तर टायर, आत्याबाई. मागचे पाहुणे तिसऱ्या वळणावरूनच परतले. मुलीच्या मामांनी खाली उतरून रस्ता पाहिला, मला हात जोडले आणि चालत निघून गेले."

"मामा शहाणे," आत्या म्हणाली.

ऐकताय ना, साहेब? वस्तीवर दूध आहे, पाणी आहे, कष्टाळू पोरं आहेत. सून मात्र वर्षानुवर्षं चढलेली नाही.

टायरवालीनं जॅक लावला. जुनी चाकं उतरली, नवी काळीभोर चाकं चढली. कोऱ्या रबराच्या वासानं दुकान भरून गेलं. तो पाना घेऊन शेजारी बसला आणि ओळीनं नट आवळायला लागला, तशी तिनं त्याच्या मनगटावर टिचकी मारली.

"असं नाही. एक इकडचा, एक त्याच्या समोरचा. एकाच बाजूनं आवळलं की चाक तिरकं बसतं."

"माणसांचंही असंच असतं का हो?"

"माणसं मी बसवत नाही."

तो हसला. ती हसली नाही — पण पुढचा नट तिच्या हातून खाली पडला.

मोठी चाकं घातली की स्टिअरिंग दोन्हीकडे पुरतं वळवून बघायचं, टायर कुठं घासत नाही ना. हा या धंद्याचा पहिला धडा. तिनं त्याला आत बसवलं, स्वतः खाली वाकली. डावीकडे ठीक होतं.

"आता उजवीकडे."

खिडकीतून डोकं बाहेर आलं. "पण मग तुमच्यावरची नजर काढावी लागेल…"

ती ताडकन उभी राहिली. कानशिलं तापली होती. "झालं," ती म्हणाली. "थोडे दिवस चालवून परत या. नट पुन्हा आवळावे लागतात."

तो आला. नट आवळून झाले. पुढच्या आठवड्यात परत आला. मग परत.

"याचे नट आहेत की नखरे?" आत्या पुटपुटली.

"पाहुणे काय म्हणाले?" टायरवालीनं पान्याकडे बघत विचारलं.

"नेलेच नाहीत."

"का? टायर चांगले होते की."

"टायर चढले असते. माझंच मन… इथून निघेना."

मग एका दुपारी, चिखल धुताना, तिचा हात पुढच्या टायरच्या आतल्या कडेवर गेला. कड खरवडली होती. मडगार्डच्या आतला पत्रा घासून चकचकत होता. तिनं स्टिअरिंग उजवीकडे वळवलं. टायर जाऊन तिथंच टेकला. त्या दिवशी न पाहिलेली हीच ती बाजू.

"कधीपासून घासतोय?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि तू गप्प बसलास?"

"उजवं वळण मी दोन दमांत घेतो. थोडं पुढे, थोडं मागे, मग—"

"दरीच्या कडेला मागे घेतोस? भरल्या कॅनसकट?" तिचा आवाज चिरकला. "टायर फुटला असता तर? चूक माझी होती. सांगायला तोंड नव्हतं?"

"सांगितलं असतं तर तू एकदाच दुरुस्त केलं असतंस," तो हळूच म्हणाला. "मग कुठल्या तोंडानं आलो असतो?"

तिनं हातातलं फडकं त्याच्या अंगावर भिरकावलं. "गाढव आहेस. कॅन पाण्यानं भर. भरलेली गाडी किती खाली बसते ते बघायचंय. मी वर येतेय."

"वर? तू?" आत्या उठलीच.

"गाडीसाठी, आत्या."

"मला शिकवू नकोस. मीही एके काळी शिवणयंत्र दुरुस्त करायलाच जात होते तुझ्या काकांकडे."

तिसऱ्या वळणावर, मामा जिथून परतले तिथंच, तिनं हातोड्यानं पत्र्याची कड आत दाबली. "आता वळव. पुरतं." त्यानं वळवलं. गाडी एका दमात फिरली. घासण्याचा आवाज नाही, फक्त कॅनमधल्या पाण्याची डचमळ.

वर दारात त्याची आई उभी होती. उतरणाऱ्या मुलीकडे ती बघतच राहिली. मग आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"कशी वाटली वस्ती?" त्यानं विचारलं.

"दगड वाईट आहेत. बाकी… चालेल."

"चालेल म्हणजे?"

"म्हणजे रोज सकाळी दुधाबरोबर मला दुकानात सोडायचं आणि रोज परत आणायचं. जमेल?"

त्याची मान कितीतरी वेळ होकारात हलत राहिली.

आत्या अडून बसली. "रस्ता झाला की देते लग्न लावून."

"मग मी म्हातारी होईन, आत्या."

आत्यानं दुकानातून त्या फलकाकडे पाहिलं, खांबावरच्या वेलाकडे पाहिलं… आणि नमली.

तर साहेब, लग्न ठरलंय. वरच, वस्तीवर, तिचाच हट्ट. तुम्हालाही आग्रहाचं बोलावणं आहे. तुमची ती बुटकी पांढरी गाडी तिसऱ्या वळणावर पोट टेकेल, आणि पिकअपमध्ये जागा नाही, तिथं पुढं आत्या बसणार आहे. कागदावर तुम्ही रस्ता केलाच आहे म्हणता. मग त्याच रस्त्यानं याल ना? कसे येणार, तेवढं सांगा. वऱ्हाड खोळंबलंय. उत्तर द्या.