मागच्या चाकांवरचं वजन

मी त्याला त्याच्या किल्ल्यांवरून ओळखलं. चेहरा नंतर पाहिला.

अठ्ठ्याहत्तर सालचा फेब्रुवारी. अवकाळी पाऊस रात्रीपासून लागला होता. उमरेडच्या अलीकडे पुलाचं काम चालू होतं, आणि शेतातून काढलेल्या कच्च्या वाटेवर बस घालायला एसटीच्या ड्रायव्हरनं साफ नकार दिला. मी भिवापूरच्या शाळेत रजेच्या जागेवर विज्ञान शिकवत होते. दुपारी नागपूरच्या एका कॉलेजात माझी मुलाखत होती. एम.एस्सी. झाल्यापासून भौतिकशास्त्राची ही पहिलीच जागा निघाली होती; पुढची कधी निघेल, कोण जाणे.

तेवढ्यात मागून एक रिकामी पिकअप आली. बसमध्ये उरलेल्या आम्हा तिघांसाठी कंडक्टरनं हात केला. इंजिन बंद करून ड्रायव्हर खाली उतरला, किल्ल्यांचा जुडगा बोटाभोवती गरगर फिरवत.

तो जुडगा दिवाळीनंतर आमच्या बैठकीत असाच फिरत होता! हा अनंत. सीताबर्डीला पंपांचं दुकान. आई आणि मामांबरोबर मला पाहायला आला होता. मी पोह्यांची बशी पुढे केली तेव्हाही याची मान खालीच. मग मध्यस्थाकडून निरोप आला: मुलगी शिकलेली आहे, बाकी सगळं छान, पण अंगानं जरा जड वाटते.

जड! कशाच्या तुलनेत? तराजू आणला होता का कोणी? मला नकाराचं एवढं वाईट वाटलं नव्हतं. पण कारणाला काही अर्थ हवा की नको?

आणि आता हाच गृहस्थ अदबीनं म्हणत होता, "बाया पुढे बसा. काकाजी, तुम्ही मागे चालाल ना?"

मला ओळखलंही नाही. पाहिलं असेल तर ओळखेल ना!

दुसरी गाडी येण्याची खात्री असती तर मी त्या पिकअपला हातही लावला नसता. पण मुलाखत होती. मी पुढे चढून बसले. माझ्या शेजारी बायजाबाई, लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या, मांडीवर मिरच्यांची पिशवी. मागे रुपराव, उमरेडचे कुठलेसे मेंबर; त्यांच्या हातात छत्री आणि तोंडात सल्ले.

अर्ध्या वाटेत गाडी रुतली. मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली, आणि काळा चिखल पार छत्रीपर्यंत उडाला. रुपरावांनी टुणकन उडी मारली.

"चला, उतरा सगळे! गाडी हलकी करा. बाईजी, तुम्हीपण!"

"मी उतरणार नाही," मी म्हणाले.

"अवो, काहून पण?"

अनंत खिडकीशी आला. पावसाचं पाणी त्याच्या भुवयांवरून ओघळत होतं. "मॅडम, जरा उतरता का? चाक नुसतंच फिरून राहिलं. थोडं वजन कमी झालं तर..."

वजन! दिवाळीपासून दाबून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं.

"इंजिन कुठे आहे या गाडीचं?"

"पुढे," तो गोंधळून म्हणाला.

"आणि गाडी ढकलतात कोणती चाकं?"

"मागची."

"आणि मागे काय आहे? काही नाही! चाकानं जमीन धरायची तर त्यावर वरून दाब नको? रिकामी गाडी, ओला रस्ता, सगळा भार पुढे. चाक फिरेल नाही तर काय करेल? मागे एक माणूस होता, त्यानंही उडी मारली. आणि मी उतरून काय होणार? रुतलेल्या माणसाला काही समजत नाही, तर निदान बाईला जड म्हणू नये!"

"जड तर मी कोठी म्हटलं..." त्याचा आवाज अर्ध्यातच विझला.

"बाप्पा!" बायजाबाई खूश झाल्या. "पोरगी लय कडक हाय."

अनंतनं वाकून चाकाकडे पाहिलं. मग म्हणाला, "तुमचं बरोबर आहे. पण ही काळी माती आहे जी. नुसता दाब वाढवला तर चाक अजून खाली जाईल."

हे मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं. कबूल करायला जिवावर आलं. "मग चाकाखाली काही तरी घाला."

"काय घालू?"

आम्ही दोघांनी एकाच वेळी मान वळवली. शेताच्या धुऱ्यावर तुराट्यांचा ढीग होता, तूर झोडून झाल्यावर रचून ठेवलेला.

"घे ना गा," बायजाबाई म्हणाल्या. "वावरवाला माया वळखीचा हाय. मी सांगतो त्याले."

मग कामाला लागलो. मी उतरले, पण 'गाडी हलकी करायला' नाही, हे रुपरावांना स्पष्ट सांगून. पंपांखाली अंथरायची रिकामी पोती गाडीत होती. पुलाच्या कामावर मुरमाचा ढीग पडला होता. तिथल्या चौकीदाराला अनंतनं रविवारी परत आणून देतो असं वचन दिलं. तो पोती भरत होता, रुपराव छत्री धरत होते — स्वतःवर.

"पार मागे टाकू नका," मी ओरडले. "शेपटाला भार दिला तर पुढची चाकं उचलतील, स्टिअरिंग लागणार नाही. बरोबर चाकांच्या वर ठेवा."

"असं?"

"अजून इकडे. हं... तिथे."

त्यानं मागच्या टायरांतली थोडी हवा सोडली. मी विचारलं नाही, पण तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "टायर जरा पसरला की जास्त जमीन धरते. चालेल ना?"

"चालेल," मी म्हणाले. आणि चिडचिड थोडी कमी झाली, याचीच मला चीड आली.

तुराट्या चाकांखाली दाबून बसवल्या. पोती संपली. अनंतनं मागच्या फाळक्यावर हात ठेवून गाडी हलवून पाहिली आणि नकळत बोलून गेला, "अजून एक वजन पाहिजे होतं..."

आणि जीभ चावली.

पाऊस गाडीच्या टपावर वाजत होता. मी साडीचा ओचा खोचला, चाकावर पाय दिला आणि मागे चढले. पोत्यांवर बसले, अगदी चाकांच्या वर.

"बसले. चांगली जड आहे मी. तुमच्याकडूनच तसा निरोप आला होता ना, दिवाळीनंतर?"

किल्ल्यांचा जुडगा चिखलात पडला. त्यानं तो उचलला नाही.

"गोपिकाजी," तो म्हणाला. माझं नाव! "मी तुम्हाला एसटीजवळच ओळखलं होतं."

"खोटं. तुम्ही मला पाहिलंच नव्हतं. मान खाली होती तुमची."

"बाजूला तुमच्या पुस्तकांचं कपाट होतं. त्याच्या खालच्या काचेत... तुम्ही दिसत होत्या. सगळा वेळ."

मी आणखी चिडले.

"आणि तो निरोप?"

"मामा बोलले. मी... गप्प बसलो."

"म्हणजे तुम्हालाही तसंच वाटलं."

"नाही! मला तर हो म्हणायचं होतं."

"मग म्हणायला काय झालं होतं? तोंडात पोहे होते?"

तो हसला नाही. पावसात उभा राहून खाली मान घालणार, तेवढ्यात थांबला आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. "हिंमत नव्हती," तो म्हणाला.

"अवं, भांडण मंग करजा!" पुढून बायजाबाईंचा आवाज आला. "मायी लेक वाट पाहून राहिली. चालू कर ना गा गाडी!"

त्यानं चिखलातून किल्ल्या उचलून शर्टाला पुसल्या. "दुसऱ्या गिअरमध्ये उचला," मी वरून म्हणाले. "आणि ॲक्सिलरेटर हळू. घाई केली की सुटतं."

"हो," तो म्हणाला. "हळूच."

तुराट्या कडकड मोडल्या. गाडी एकदा थरथरली, मागे सरली... आणि मग चाकांनी जमीन धरली. माझ्या खालून ती ओढ मला स्पष्ट जाणवली. छत्री सांभाळत रुपराव मागून पळत आले.

अनंतनं मला कॉलेजच्या फाटकाशी सोडलं, आणि मुलाखतीला मी गुडघ्यापर्यंत चिखलात माखून गेले. प्रकाशशास्त्राचे प्रश्न झाले, मग एका सरांनी विचारलं, "लग्न झालं की नोकरी सोडाल का?" मी विचारलं, "हे बाहेर बसलेल्या मुलांनाही विचारणार आहात का?" सर चष्मा पुसू लागले. गेली जागा, असं समजून मी बाहेर आले.

फाटकाशी पिकअप नव्हती.

गेला! थांबतो असं म्हणाला नव्हता, हे खरं. पण सगळा वेळ काचेत पाहणाऱ्या माणसानं एवढं तरी... पुन्हा गप्प बसून निघून गेला! नागपुरातल्या आमच्या घरापर्यंतच्या रिक्षात मी त्याला मनातल्या मनात इतकं सुनावलं की रिक्षावाल्यानं वळून पाहिलं.

शनिवारी कळलं, जागा मला मिळाली. ज्याला सांगावंसं वाटलं, त्याचाच राग आला.

रविवारी सकाळी भुरभुर पाऊस होता. दारात हॉर्न वाजला. अनंत एकटाच आला होता. ना मामा, ना मध्यस्थ. बाबा वर्तमानपत्र खाली करून पाहू लागले.

"त्या दिवशी न सांगता का गेलात?" मी फाटकातच गाठलं.

"ती हिंमत टिकून होती तोवरच आईशी बोललो. घरी जाऊन, सरळ. मग रोज येणार होतो, पण... आज येण्याला कारण होतं."

"आई काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, आवडली होती तर तेव्हाच बोलायचं होतं ना, गाढवा."

मी हसू दाबलं. "आणि मामा?"

"ते अजून बोलून नाही राहिले माझ्याशी."

"छान. मग आता तुम्ही बोला. माझ्याशी. खाली न बघता."

त्यानं किल्ल्या खिशात टाकल्या. रिकाम्या हातांचं काय करावं ते त्याला कळेना. पावसाचे बारीक थेंब त्याच्या पापण्यांवर बसले होते.

"मला तुमच्याशी लग्न करायचं आहे," तो म्हणाला. "तुम्हाला करायचं आहे का?"

हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. पाहायला आलेल्या एकानंही नाही.

"मुरूम परत द्यायचा आहे ना आज?" मी विचारलं. मागे पोती होती, बरोबर चाकांच्या वर.

"हो. चौकीदाराला शब्द दिला आहे. याल?"

"आणि येताना? मागचं रिकामं होईल. पुन्हा घसराल."

"मग... काय करू?"

"बाबा, मी उमरेडला जाऊन येते!" मी घरात हाक दिली. पुढचं दार उघडून आत बसले.

"येताना हळू चालवा," मी म्हणाले. "मी मागे बसणार नाही आहे. आता नाही, आणि लग्नानंतरही नाही."

गाडी सुरू करायला त्याला बराच वेळ लागला. किल्ली भोकात जाईना.