फियाटचं लोंबतं दार

सांगतो, पण विश्वास कुणी ठेवणार नाही. ही रंजिता, माझी नात, तर ऐकायच्या आधीच तोंड वाकडं करून बसलीय. पण आमच्या पनवेलात, आमच्याच गल्लीत, एका मोटारीच्या दाराने लग्न जुळवलं होतं!

एक्क्याण्णवची थंडी. रेवा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. दिवसभर इकडचा माणूस तिकडे जोडून द्यायची आणि संध्याकाळी घरी आली की दाराच्या कुलपाशी काय बोलेल तेवढंच. वडील गेले ते मागे एक जुनी फियाट ठेवून. ती रेवा दर रविवारी स्वतःच दुरुस्त करत बसायची. मेकॅनिककडे टाकली असती तर एका दिवसात झाली असती... पण मग बाकीच्या रविवारांचं करायचं काय?

बाकी गाडी ताळ्यावर आली होती, हट्टी होतं ते फक्त ड्रायव्हरकडचं दार. बिजागऱ्या झिजून ते असं लोंबायचं, असं लोंबायचं, की गल्लीला वर्षभर झाडूवाला लागला नाही. शप्पथ!

त्या रविवारी ती गुडघ्याने दार वर रेटत होती, तोच मागून आवाज आला,

"आधी उचला — आणि मग आपटा."

"आपटून आपटूनच ही दशा झालीय त्याची," रेवा मागे न बघता म्हणाली.

"मग जरा प्रेमाने घ्या."

आता मात्र तिने वळून बघितलं. समोरच्या खोलीतला नवा भाडेकरू, सत्यजीत. तळोज्याच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आलेला. डोळे लाल, हातात गरम पावाची लादी.

"बघताय काय? धरा!"

त्याने पाव बॉनेटवर ठेवले आणि दार धरलं. तिने बोल्ट सैल केले. आता दार जागेवर येईपर्यंत त्याने उचलून धरायचं आणि तिने आवळायचं. खरं म्हणजे दाराखाली जॅक आणि वर एक पाट ठेवला की दुसरं माणूस लागतच नाही. जॅक होता, तिच्या पलंगाखाली. तिने त्याचं नावही काढलं नाही.

"अजून वर... हं... थोडं माझ्याकडे."

"मी?"

"दार हो!" ती म्हणाली, आणि पाना हातातून निसटला.

दार बसलं. खट्ट! तो पाव घेऊन झोपायला गेला. रेवाने दार उघडलं, लावलं. पुन्हा उघडलं, लावलं. एका बोटाने लागत होतं. करायला काहीच उरलं नव्हतं, आणि दुपार तर अजून व्हायची होती.

पुढच्या शनिवारी तिन्हीसांजेला तिने पाना घेतला आणि एक बोल्ट अर्धा फेरा सैल केला.

"तुमचं आवळणं कच्चं दिसतंय," रविवारी सत्यजीत म्हणाला.

"तुमचं धरणं कच्चं!"

असे रविवारामागून रविवार. शेजारच्या गोदूवहिनी गॅलरीतून ओरडायच्या, "अगं, लग्नाची गाठसुद्धा इतके दिवस आवळत नाहीत!" रेवाचे कान लाल व्हायचे, आणि तो उगीचच दार जास्त वर उचलायचा.

मग एका रविवारी तो आला, पण दाराला हात लावला नाही.

"मला वापीच्या कारखान्यात पाठवतायत. परवा निघायचं."

"कायमचं?"

"कायमचंच."

"बरं..." रेवा बोल्टकडे बघत म्हणाली. "मग आज नीट बसवून टाकू."

त्याने दाराला हात घातला, आणि अख्खं दार त्याच्या मिठीत आलं!

"मी तर अर्धाच फेरा..." रेवा पुटपुटली.

"आणि मी — कामावर जाताना रोज थोडा थोडा," तो म्हणाला.

दार कवटाळून तो तसाच उभा. काचेच्या चौकटीत त्याचा चेहरा, पार उतरलेला. "रेवा... थांब म्हणालात तर थांबतो."

शेकडो माणसांना बोलायला लावणारी बाई. आता फक्त एक शब्द तिचा स्वतःचा लागत होता. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. ओठ हलले...

आणि म्हणाली हो ती! "थांबा," म्हणाली! मग काय विचारता! त्याने दार खाली ठेवलंच नाही. तसाच मांडवात उभा राहिला. अंतरपाट म्हणून तेच दार धरलं, काच वर करून. भटजींनी मंगलाष्टकं म्हटली, आणि शेवटच्या 'सावधान'ला रेवाने हँडल फिरवून काच खाली —

"आबा, पुरे तुमची थाप!" रंजिता म्हणाली. "रेवाआजींच्या तोंडून शब्दच फुटला नाय, आन् तो गेला. त्याच मला बोलल्या. काल रविवारी सकाळी त्यांच्या फियाटचं दार मीच धरून उभी होती."