पहिल्या पाळीची माणसं

ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा चौथा शुक्रवार होता. मार्थाबाई बारदेस्कर अडीच वाजता घरातून निघाल्या. एका हातात डबा, दुसऱ्या हातात चॅपेलची किल्ली. सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नव्हता, आणि शिरोलीचं मार्चमधलं ऊन तर कुणाची गय करत नाही. पण बाई ताठ चालत होत्या. बासष्टाव्या वर्षीही आपण उपास पाळतो याचा त्यांना गर्व होता. उपवासकाळात गर्व धरू नये हेही त्यांना ठाऊक होतं, पण तेवढं एक पाप त्यांना सुटत नव्हतं.

डब्यात भाकरी आणि पिठलं होतं. ते त्यांच्या वाटणीचं जेवण. गोडाऊनच्या दारात पोती उतरवणाऱ्या हमालांपुढे त्यांनी डबा ठेवला आणि मागं न बघता पुढे निघाल्या. कुणी खाल्लं ते बघायचं नाही, ही रीत त्यांच्या नवऱ्याची, इनासची.

त्या गोडाऊनच्या जागी पूर्वी फाउंड्री होती. गडहिंग्लज-आजऱ्याकडून आलेले अकरा कॅथलिक मोल्डर तिथं पहिल्या पाळीला होते. उपवासकाळाच्या दर शुक्रवारी ते आपले अकरा डबे बाहेरून आलेल्या रोजंदारांपुढे ठेवत, आठ तास उपाशी पोटी भट्टीसमोर वाळूचे साचे भरत, आणि तीनला पाळी सुटली की हातपाय न धुता थेट चॅपेलला येत. कपड्यांत घाम, अंगाला जळक्या काकवीचा वास, कारण साच्याच्या वाळूत काकवी घालत. गुडघे टेकले की फरशीवर काळ्या वाळूचे ठसे उठायचे. बायका झाडताना कुरकुरायच्या, आणि त्यांत मार्थाबाईंचा आवाज सगळ्यांत मोठा असायचा.

फाउंड्री बंद पडून नऊ वर्षं झाली. वाळूची धूळ छातीत साठलेली ती माणसं एकेक करून गेली, इनासही गेला. अकरांतला एकच उरला होता, त्यांचा धाकटा दीर सांतान. तो पुण्यात लेकाकडे अंथरुणाला खिळून होता.

फादर ग्रेशियस वसईकडचे, तरुण आणि भले. उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून झाल्यावर ते म्हणाले होते, "मार्थाबाई, शुक्रवारची क्रुसाची वाट यापुढे शहरातल्या मोठ्या चर्चमध्येच करूया का? इथं तुम्ही एकट्याच कुलूप उघडता, एकट्याच गुडघे टेकता. या वयात कशाला?"

'या वयात' बाईंना झोंबलं.

"माणसं येतील की, फादर."

"ठीक आहे. सहाव्या शुक्रवारी मी स्वतः येतो. लोक असले तर इथली भक्ती चालू ठेवू. नसले तर चॅपेल फक्त रविवारी उघडेल."

बाईंनी घरोघर सांगितलं. पण तरुण पोरं मॉलमध्ये आणि कंपन्यांत कामाला, शुक्रवारी तीनला कोण येणार? तीन शुक्रवार त्या एकट्याच होत्या. क्रुसाच्या वाटेची, म्हणजे ख्रिस्ताच्या शेवटच्या प्रवासाची, चौदा स्थानं. प्रत्येक स्थानाशी एकानं प्रार्थना म्हणायची आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. बाई दोन्ही म्हणत. उत्तर देताना आवाज जरा खाली आणत, दुसरं कुणी उत्तर देतंय असं वाटावं, रिकामी बाकं बघून मन खट्टू होऊ नये म्हणून.

चौथ्या शुक्रवारी सातव्या स्थानाशी त्यांचा श्वास अडला. ख्रिस्त दुसऱ्यांदा पडतो ते हे स्थान. प्रार्थना म्हणून झाली होती, उत्तर ओठांवर येईना. डोक्यावरचा पत्रा उन्हानं टकटक वाजत होता.

आणि मागून उत्तर आलं.

बाप्या माणसांचे आवाज होते. खालच्या पट्टीतले, ओढलेले. उपाशी माणसं बोलतात तसे…

 मार्थाबाईंची मान वळली नाही. इनास म्हणायचा, 'वाटंवर मागं बघायचं न्हाय, किती आली ते मोजायचं न्हाय.' त्या आठव्या स्थानाकडे सरकल्या. त्यांच्या मागं बरीच पावलं सरकली. चौदाव्या स्थानापर्यंत त्या प्रार्थना म्हणत राहिल्या आणि उत्तर येत राहिलं. शेवटी वळल्या, तेव्हा चॅपेल रिकामं होतं. हवेत फक्त जळक्या काकवीचा वास होता.

बाहेर आल्या तेव्हा समोरच्या टपरीवरचा कृष्णात ग्लास विसळत होता.

"मावशी, आज लई माणसं व्हती की. कुठनं आलती?"

"तू बघितलंस?"

"बघितलं न्हाय. आवाज आयकला. पर च्या प्यायला कोण आलं न्हाय बघा."

"उपास असतोय त्यांचा," बाई म्हणाल्या, आणि आपण काय बोललो ते कळून त्यांच्या अंगावर काटा आला.

पाचव्या शुक्रवारी फरशीवर ठसे दिसले. गुडघ्यांचे, काळ्या वाळूचे, एका रांगेत दहा जोड्या. बाईंनी झाडू घेतला.  झाडता झाडता त्यांचा ऊर भरून आला. आमची माणसं अजून पाळी सुटली की येतात, असं त्या रिकाम्या चॅपेलमध्ये मोठ्यानं म्हणाल्या.

सहाव्या शुक्रवारी फादर आले. ईस्टर जवळ आला की झाकतात तसे क्रूस जांभळ्या कापडांनी झाकलेले होते. फादरांनी रिकाम्या बाकांवर नजर टाकली आणि शेवटच्या बाकाशी गुडघे टेकले. मार्थाबाईंनी पुढं होऊन सुरुवात केली.

पहिल्या स्थानाला फादरांचं उत्तर आलं. दुसऱ्यालाही आलं. तिसऱ्याला उत्तर आलं ते फादरांचं नव्हतं. फादरांचा आवाज तिथंच थांबला. त्यानंतर शेवटपर्यंत तो आलाच नाही.

चौदावं स्थान संपलं. बाई वळल्या. फादर उभे होते, बाकाची कड घट्ट धरून.

"मार्थाबाई… माझ्या पुढं कुणीच नव्हतं. तुम्ही आणि मी…"

"खाली बघा, फादर."

फादर वाकले. ठशातली चिमूटभर वाळू त्यांनी बोटांत घेतली आणि लगेच टाकली.

"गरम आहे ही…"

"साच्यातली हाय. गरमच असतीया."

"कोण आहेत हे?"

बाईंनी पदर सावरला. उपाशी चेहऱ्यावर असं तेज फादरांनी पूर्वी पाहिलं नव्हतं. "आमची माणसं हाईत. सोताचं जेवान दुसऱ्याला दिऊन इथं येणारी. धा जणं."

 फादरांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. "किल्ली तुमच्याकडंच राहू द्या. शुक्रवारची वाट इथंच होईल. मी येत जाईन."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी झाडू उचलला. फादर अजून खालीच बघत होते.

"पण मार्थाबाई, दहा नाहीत. मी दोनदा मोजले. अकरा आहेत."

बाईंनी पाहिलं. रांगेच्या टोकाला, खिडकीपाशी ठशांची एक नवी जोडी होती. उजव्या गुडघ्याचा ठसा खोल, डाव्याचा नुसता टेकल्यासारखा. वितळलेलं लोखंड सांडून डावा गुडघा भाजल्यापासून असे गुडघे टेकणारा माणूस फाउंड्रीत एकच होता.

उपासाच्या दिवशी प्रार्थना होईपर्यंत त्या फोन बंद ठेवत. पिशवीतून काढून त्यांनी तो चालू केला. पुण्याहून सांतानच्या लेकाचे नऊ फोन येऊन गेले होते. पहिला तीन वाजून दहा मिनिटांनी.

फोन हातात पुन्हा वाजू लागला. मार्थाबाईंनी आधी क्रुसाची खूण केली. मग झाडू भिंतीला टेकवला, आणि खिडकीपाशी जाऊन म्हणाल्या, "आलासा, भावजी? सा वर्सं अंथरुणात काढली, तरी शुक्रवार चुकवला न्हाईसा."

जवळून वास आला, काकवीचा आणि ताज्या घामाचा.