पुढचं वल्हं

तिला आधी दिसले ते फक्त त्याचे बूट.

टॅमरॅक तळ्यावरून पलीकडच्या तळ्याकडे जाणारी ती पायवाट इतकी अरुंद, की होडी डोक्यावर उपडी घेऊन चालणाऱ्याला समोरचं काही दिसतच नाही. आपली पावलं, चिखल, झाडांची मुळं... आणि एकदम समोर दोन तपकिरी बूट. एकाची नाडी सुटलेली.

"माफ करा," ब्रिन होडीखालून म्हणाली. "तुम्ही जा आधी."

"छे, छे, तुम्ही जा. तुमची होडी जड दिसतेय."

"दिसतेय? तिथून काय दिसतंय तुम्हाला?"

"तुमचे गुडघे. थरथरताहेत ते."

एकमेकांना वाट द्यायला दोघंही मागे सरत राहिले, आणि मधली वाट मोकळीच पडून राहिली. शेवटी त्यानंच आपल्या डोक्यावरची होडी उतरवली. केस कपाळाला चिकटलेले, गालावर डास चावल्याची गाठ, आणि डोळे... तळ्याच्या उथळ कडेला ऊन पडल्यावर पाणी दिसतं ना, तसे.

"मी एमेट."

"नाडी बांधा, एमेट," ती म्हणाली, आणि निघूनच गेली. पण चालताना हसत होती.

तो त्या उन्हाळ्यापुरता तिथल्या वनउद्यानात कामाला आला होता; वाटेवर पडलेली झाडं कापायची, वाहून गेलेल्या पायऱ्या बसवायच्या. ती तळ्याकाठी डोरीन आत्याच्या दुकानात होड्या भाड्यानं द्यायची. काम संपलं की दोघं एकाच होडीत... ती पुढे, तो मागे. मागचा होडी वळवतो, पुढचा नुसता वल्हवतो. पुढच्यानं मागे वळून बघायचं नसतं, होडी कलंडते. त्यामुळे तोंडावर बोलायची लाज वाटेल असं सगळं तिथे सहज बोलून व्हायचं.

"गप्प का? काय बघतोयस?"

"तुझी वेणी."

"अजून?"

"वेणीला शेवाळ लागलंय."

"काढ मग!"

"हात पोचत नाही. आणि तुला बुडवलं तर तुझी आत्या मला तळ्यातच ठेवेल, कायमचा."

सप्टेंबरात मेपलची झाडं लाल झाली आणि एमेटला कायमची नोकरी लागली. पार युकॉनमध्ये, देशाच्या दुसऱ्या टोकाला. सोमवारी निघायचं होतं.

"त्यानं एकदा विचारलं ना, तर मी बॅग भरते," ब्रिन आत्याला म्हणाली.

"आणि नाही विचारलं तर?"

"मग काय... मी त्याच्या गळ्यात पडू?"

रविवारी दोघं शेवटचं तळ्यावर गेले. बारीक, गार पाऊस होता. ब्रिननं रेनकोटची टोपी ओढून घेतली, वर लाइफ जॅकेट चढवलं. मग मधोमध आल्यावर मागचं वल्हं थांबलं.

"ब्रिन... येशील माझ्याबरोबर?"

हो म्हणायला शब्दच फुटेना. तिनं मान हलवली. पुन्हा हलवली, जोरात.

मागे कितीतरी वेळ नुसता पाऊस वाजत राहिला. मग तो हळूच म्हणाला, "बरं." आणि वल्हं पुन्हा सुरू झालं.

काठापर्यंत ती किती सुखात होती! कुठले स्वेटर घ्यायचे, आत्याला कसं सांगायचं, तिथल्या थंडीत त्याच्या हातमोज्यांत आपले हात कसे मावतील...

काठाला लागल्यावर एमेटनं होडी धरली. तिच्याकडे न बघता म्हणाला, "माफ कर. तुला असं पेचात टाकायला नको होतं मी."

ब्रिन जॅकेटचा बंद सोडता सोडता थांबली. म्हणजे... हो ऐकल्यावर हा घाबरला?

"नाही, नाही... तूच माफ कर," ती म्हणाली. "अवघडच आहे ते. कळतं मला."

"मलाही कळतं."

दोघं इतके समजूतदार, इतके सभ्य... काय कळतं, हे कुणी कुणाला विचारलंच नाही. सोमवारी तो गेला.

तळं गोठलं. त्याचे फोटो यायचे. आधी बर्फाचे, मग कुत्र्यांचे. मार्चपासून त्यांत पिवळ्या टोपीतली एक मुलगी असायची, त्याच्या खांद्याला टेकून हसणारी.

मे महिन्यात बर्फ विरघळल्यावर आत्या म्हणाली, "चल, पलीकडचा काठ बघून येऊ. माझा खांदा दुखतोय, मी पुढे बसते. तू होडी सांभाळ."

भुरभुर पाऊस होताच. आत्यानं रेनकोटची टोपी चढवली, वर लाइफ जॅकेट.

"आत्या, त्या खडकापाशी लावू का?" उत्तर नाही. "आत्या, लावू का?"

खडक मागे पडला तशी आत्या ओरडली, "अगं, कुठे चाललीस?"

"तू काही बोललीच नाहीस!"

"दोनदा मान हलवली की मी! डोळे आहेत का बटणं?"

ब्रिन बघत राहिली. समोर रेनकोटची ताठ टोपी, कानांपर्यंत आलेलं जॅकेट. एक चुणीसुद्धा हलली नव्हती.

"आत्या... पुन्हा हलव ना."

"काय?"

"मान. हलव ना गं एकदा."

"वेडी आहेस का? ही बघ, हलवतेय. दिसली?"

टोपी तशीच ताठ. ब्रिनच्या हातातलं वल्हं थांबलं आणि होडी वाऱ्यानं आपली आपणच वळायला लागली.

"नाही गं आत्या," ती म्हणाली. "मागून काहीच दिसत नाही."