अडीच सेकंदांनी येणारा आवाज

ही गोष्ट खरी आहे.

माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलेली. तिला आम्ही सगळे ताई म्हणतो. ताईला थापा मारता येत नाहीत. लहानपणी बरणी फुटली की आम्ही सगळे मांजराकडे बोट दाखवायचो. ही जाऊन मांजराची माफी मागायची.

आयुष्यात तिने एकदाच थाप मारली. मारली असंही म्हणता येणार नाही...

ती फक्त गप्प बसली.

भुतं रात्री येतात असं सगळे सांगतात. हे दुपारी आलं. जेवणं झाल्यावर, ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडात, माणसांनी भरलेल्या खोलीत. खोलीला खिडकी नव्हती, एवढीच काय ती भयकथेची सोय.

ताई चंद्रावर गाडी चालवते. इथे बसून. मावशी हे भेटेल त्याला सांगते. काका लगेच पुढे जोडतात, "स्कूटर मात्र अजून स्टँडवर लावता येत नाही."

तिने खगोलभौतिकी घेतलं तेव्हा नातेवाईक म्हणाले, म्हणजे भविष्य सांगणार का. मग तिने चंद्राच्या धुळीवर डॉक्टरेट केली. तिच्या खोलीतली धूळ तेव्हाही मावशीच झाडायची. मग वर्षा-वर्षाच्या कराराच्या नोकऱ्या, उधारीवर मिळालेली टेबलं, बरोबरच्या सगळ्यांची लग्नं आणि घरं. सगळं एका खुर्चीसाठी.

गाडी चालवणाऱ्याची खुर्ची. एका मोहिमेत ती एकालाच मिळते.

आता त्यांच्या कामाची पद्धत तेवढी समजून घ्या, कारण जे घडलं ते तिथेच घडलं.

चालवणारा गाडीला द्यायचा हुकूम आधी हेडफोनवर मोठ्याने वाचतो. "पुढे एक मीटर." शेजारी दुसरा माणूस बसलेला असतो. तो उतार बघतो, सावल्या बघतो, आणि सगळं ठीक असेल तर तेच शब्द परत म्हणतो. "पुढे एक मीटर." मगच चालवणाऱ्याने बटण दाबायचं.

ठीक नसेल तर तो काहीच बोलत नाही. घाईत कुणी काहीतरी भलतंच ऐकायला नको, म्हणून नकार शब्दांत द्यायचाच नाही.

गप्प राहिला म्हणजे नाही.

या दुसऱ्या खुर्चीला सगळे पोपटाची खुर्ची म्हणतात. ताईच्या शेजारी बसायचा त्याला तर त्याची आई सोडून सगळे पोपटच म्हणायचे. उंच, वाकून बसणारा, आणि 'मीटर'मधला शेवटचा 'र' गिळणारा.

"किती वेळ बघतोस रे?" ताई वैतागायची.

"उतार बघतोय. तुझं बरंय, तू दाबून मोकळी. गाडी पडली तर माझ्या नावावर."

"तुझ्या नावावर दुसरं आहे काय?"

"एक मैना आहे. फार बोलते."

सरावाची अशी वर्षं गेली.

खरी मोहीम जायच्या आधी एक शेवटची चाचणी असते. शेजारच्या हॉलमध्ये चंद्रासारखी करडी भुकटी पसरलेली, एका कोपऱ्यात सूर्य म्हणून एकच दिवा, आणि त्यात चंद्रावर जाणाऱ्या गाडीची जुळी बहीण. ताई भिंतीच्या अलीकडे, गाडी पलीकडे. पाठीमागे निवड समिती.

ताईने हुकूम वाचला.

"पुढे एक मीटर, डावीकडे दहा अंश."

आणि बटण दाबलं.

पोपट काहीच बोलला नव्हता.

इतकी वर्षं शेजारी बसून त्याचं उत्तर तिला तो बोलायच्या आधीच ऐकू यायचं. त्या दिवशी तिला ते नुसतं मनातलंच ऐकू आलं. त्याचं तोंड बंद होतं. त्याचे डोळे उतारावर होते. त्याने हळूच मान वळवून तिच्याकडे पाहिलं...

भिंतीपलीकडून आवाज आला.

धप्प.

गाडी उलटली. कॅमेऱ्याची मान मोडली.

चौकशी त्याच दिवशी झाली. मोहिमेच्या प्रमुख होत्या मॅडम. त्यांनी पोपटाला सरळ विचारलं.

"तू परत म्हणालास?"

पोपटाने ताईकडे पाहिलं.

ताईने समोरच्या पाण्याच्या ग्लासकडे पाहिलं.

"म्हणालो असेन," पोपट म्हणाला.

"असेन म्हणजे? हो की नाही?"

"हो."

त्याने स्वतःच हो म्हटल्यावर रेकॉर्डिंग ऐकायची कुणाला गरज वाटली नाही. उतार बघायचं काम त्याचं, म्हणून चूकही त्याची. ताईची खुर्ची पक्की झाली.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "तू चालव. मी कुठेही उतार बघेन."

दार तिथेच होतं. दोन पावलं मागे जायचं आणि सांगायचं. ताईने ठरवलं, मोहीम एकदा पार पडू दे, मग सांगू.

पोपटाला तळमजल्यावर जुनी छायाचित्रं लावून ठेवायच्या कामाला पाठवलं. आणि मोहीम जायच्या आधीच एका सकाळी तो घरच्या बाथरूममध्ये पाय घसरून गेला. चंद्रावरचा अर्ध्या अंशाचा उतार ओळखणारा माणूस. सपाट फरशीवर.

हे ऐकून ताईला हसू आलं. खरंच आलं. मग कितीतरी वेळ ती ऑफिसच्या जिन्यात बसून होती.

ती त्याच्या घरी गेली. त्याच्या आईने तिला पाणी दिलं, जवळ बसवलं.

"तुझी खुर्ची राहिली ना गं? त्याला तेवढीच काळजी होती."

ताईने मान हलवली. 

मोहीम गेली. गाडी नीट उतरली. पोपटाच्या खुर्चीत एक नवी मुलगी आली. बारीक आवाजाची, म्हणून तिला चिमणी म्हणू लागले. पक्षी बदलला, खुर्ची तीच.

पहिल्या दिवशी, दुपारी, ताईने हुकूम वाचला.

"पुढे अर्धा मीटर."

"पुढे अर्धा मीटर," चिमणी म्हणाली.

ताईने बटण दाबलं. इतक्यात...

"पुढे अर्धा मीट..."

पुरुषाचा आवाज. जरा झोपाळलेला. शेवटचा 'र' गिळलेला.

ताईने शेजारी पाहिलं. चिमणी पडद्याकडे बघत होती. मागे कुणीतरी सफरचंद खात होतं.

पुढच्या हुकुमालाही तो आला. त्याच्या पुढच्यालाही. नेहमी तेवढ्याच अंतराने. ताईने वाचलं की अडीच सेकंदांनी.

इथून रेडिओवर निघालेली हाक चंद्रावर जाऊन परत यायला तेवढाच वेळ लागतो.

तिने हेडफोन दुरुस्त करणाऱ्याला गाठलं.

"माझाच आवाज चंद्रावरून परत येत असेल का?"

"बोलणं वर जातच नाही, ताई. वर नुसते आकडे जातात. परत येईल कसं?" त्याने हेडफोन उलटासुलटा केला. "आणि आवाज तुमचाच आहे ना?"

"नाही. दुसऱ्याचा आहे."

त्याने हेडफोन खाली ठेवला.

"मग नवीन हेडफोन देऊ?"

नवीन हेडफोनमध्ये आवाज आणखी स्वच्छ आला.

माणसाला कशाचीही सवय होते. ताईला भीती वाटायची, पण त्याहून जास्त लाज वाटायची. ज्याचं काम तिने घालवलं तो मेल्यावरही कामावर येत होता. वेळेवर. बिनपगारी. शेवटी ती त्याच्यासाठी थांबू लागली. आधी चिमणी, मग तो, मगच बटण.

"कशाची वाट बघतेस गं दरवेळी?" चिमणीने विचारलं.

"काही नाही. तू नवीन आहेस ना."

"अपमान करतेस ते ठीक आहे, पण कशासाठी ते तरी कळू दे."

आणि एके दिवशी तो आला नाही.

गाडी एका मोठ्या दगडाच्या सावलीजवळ होती. ताईने वाचलं, "पुढे एक मीटर." चिमणीने परत म्हटलं. ताई थांबली...

काहीच नाही.

तिने पुन्हा वाचलं. चिमणीने पुन्हा म्हटलं, आता जरा चिडून.

काहीच नाही.

हेडफोनमध्ये कुणीतरी आहे हे मात्र कळत होतं. फोनवर समोरचा गप्प बसला तरी कळतं ना, तसं.

"काय अडलंय?" मागून मॅडम म्हणाल्या. "सपाट तर दिसतंय."

"मी थांबवते गाडी. पुढे बरोबर नाही वाटत."

"कशावरून?"

"वाटतंय."

वाटण्यावरून चंद्रावरची गाडी थांबवणं शोभत नाही. खोलीत कुजबुज झाली. गाडी दोन दिवस तिथेच उभी राहिली. मग सूर्य सरकला, सावली हलली, आणि छायाचित्र आलं.

सावलीचा अर्धा भाग सावली नव्हतीच. तो खड्डा होता. कड पुढच्या चाकापासून वीतभर लांब.

सगळी खोली उभी राहिली. टाळ्या. मॅडमनी ताईला मिठी मारली. पुढच्या मोहिमेची प्रमुख चालक तीच, असं तिथल्या तिथे जाहीर झालं. मावशीने फोनवर रडून घेतलं. काकासुद्धा स्कूटरबद्दल काही बोलले नाहीत.

पोपटाने तिला दुसऱ्यांदा खुर्ची दिली होती.

ताईला ते सहन झालं नाही. संध्याकाळी ती मॅडमच्या खोलीत गेली आणि सगळं बोलून टाकलं. चाचणीच्या दिवशी तो परत म्हणालाच नव्हता. मीच न थांबता दाबलं. त्याने माझ्यासाठी हो म्हटलं, मी गप्प बसले. खुर्ची काढून घ्या, पण त्याच्या नावावरची चूक काढा.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.

"रेकॉर्डिंग आहे," त्या म्हणाल्या. "ऐकू या."

ताईला हायसं वाटलं. आता तिच्या शब्दाचीही गरज नव्हती.

मॅडमनी ते शोधून लावलं. ताईचाच आवाज आला.

"पुढे एक मीटर, डावीकडे दहा अंश."

मग शांतता...

ती शांतता ताईला पाठ होती. त्यात काहीही नव्हतं. रोज रात्री अंथरुणात पडल्यावर ती तेवढीच तर ऐकायची.

आणि अडीच सेकंदांनी...

"पुढे एक मीट, डावीकडे दहा अंश."

मग भिंतीपलीकडची धप्प.

 त्या दिवशी गाडी शेजारच्या हॉलमध्ये होती. तिथून काहीही यायला अडीच सेकंद लागत नाहीत.

"स्वच्छ ऐकू येतंय," मॅडम म्हणाल्या. "त्यानेच म्हटलंय."

"मॅडम, तो गप्प होता. मी तिथे होते."

"मीही तिथेच होते." त्यांनी आवाज मऊ केला. "गेलेल्या माणसाबद्दल मनाला लागतं गं. उगाच अंगावर ओढून घेऊ नकोस. घरी जा, झोप काढ. सोमवारपासून नवं काम आहे."

बस्. आता ताईने कुणालाही, कितीही वेळा सांगितलं तरी पुरावा तिच्याच बाजूने आहे. तिला शिक्षा होऊ शकत नाही. त्याने ती सोयच ठेवलेली नाही.

हे सगळं तिने मला गेल्या आठवड्यात फोनवर सांगितलं. मी एरवी कशावरही विनोद करतो. त्या दिवशी सुचला नाही. मला तिचं फक्त समाधान करायचं होतं.

"ताई," मी म्हटलं, "तो स्वतःहून हो म्हणाला होता. तुझी चूक नव्हती."

पलीकडे शांतता.

मला वाटलं फोन कटला.

"ताई?"

"थांब जरा," ती कुजबुजली.

आम्ही दोघंही थांबलो. पलीकडे कुणीतरी आहे हे कळत होतं. म्हणजे, ताई सोडून...

कुणीच काही बोललं नाही.

"बघ," ताई म्हणाली. "गप्पच आहे."

मग ती एकेक शब्द नीट उच्चारत, कामावर हुकूम वाचते तशी म्हणाली,

"माझीच चूक होती."

मी फोन कानापासून लांब केला. अडीच सेकंद व्हायच्या आत.

त्यानंतर पलीकडे काही आलं का, मला माहीत नाही. ताईला मी अजून विचारलेलं नाही.